आठ माणसांचं घर

'द सिम्स' या खेळात एका कुटुंबात जास्तीत जास्त आठ माणसं ठेवता येतात. २००० सालच्या पहिल्या आवृत्तीत हा आकडा आठ होता, २०१४ च्या चौथ्या आवृत्तीतही आठच राहिला. सोलापुरातल्या ज्या एकत्र कुटुंबाची चित्रफीत २०२२ मध्ये बीबीसीने दाखवली, त्यात ७२ माणसं होती. मी सोलापूरचा, आणि पोटासाठी व्हिडिओ गेमची रचना करतो; त्यामुळे हे दोन आकडे माझ्या डोक्यात कायम शेजारी शेजारी बसलेले असतात. आमच्या धंद्यात 'खेळाडूला गोष्ट रचायचं स्वातंत्र्य' ही फार चलनी थाप आहे. हजार केशरचना आणि पाचशे खुर्च्या दिल्या की स्वातंत्र्य दिलं, असं जाहिराती सांगतात. मला ते स्वातंत्र्य खुर्च्यांत सापडत नाही. खेळाने काय गृहीत धरलंय आणि काय मोकळं सोडलंय, तिथे ते सापडतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना एवढंच सांगतो, की ही पडद्यावरची भातुकली आहे. माणसं घडवायची, घर बांधायचं, मग ती जेवतात, भांडतात, लग्न करतात, म्हातारी होतात, मरतात. जिंकणं नाही, हरणं नाही. विल राइट या अमेरिकन रचनाकाराचं घर १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात जळलं. संसार पुन्हा उभा करताना माणसाला नेमकं काय काय लागतं, या प्रश्नाने त्याला धरलं आणि त्यातून हा खेळ आला.

यंत्राच्या पोटात काय चाललेलं असतं ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या खेळातल्या माणसाला आठ गरजा: भूक, आराम, स्वच्छता, लघवी, झोप, करमणूक, सोबत आणि खोलीची टापटीप. त्या सतत घटत असतात. पण अक्कल माणसात फार थोडी घातलेली आहे. ती आहे वस्तूंमध्ये. फ्रीज आसपासच्या सगळ्यांना सांगत असतो, 'माझ्याकडे या, भूक भागेल.' पलंग झोपेचं आमिष दाखवतो, टीव्ही करमणुकीचं. ज्याची जी गरज खाली गेलेली, तो त्या हाकेला ओ देतो. म्हणून नवी वस्तू घरात आणली की जुन्याच माणसांचं वागणं बदलतं, माणसांना हात लावावा लागत नाही. आणि म्हणूनच खेळात कुठली वस्तू नाही, हे पाहिलं की त्या घराबद्दल रचनाकाराची समजूत काय आहे ते उघडं पडतं.

माझी भाची सोलापुरात, पूर्व भागात राहते. ऑक्टोबर २०२२ मध्ये चौथी आवृत्ती फुकट झाली तेव्हा तिने ती उतरवून घेतली आणि पहिल्याच आठवड्यात मला फोन. "मामा, ही लोकं कामाला जात्यात म्हणजे कुठं जात्यात?" खरंच कुठे जातात? बहुतेक नोकऱ्यांत माणूस सकाळी घरातून नाहीसा होतो आणि संध्याकाळी पगारासकट उगवतो. काम म्हणजे घराबाहेरची, न दिसणारी गोष्ट, असं या खेळाने धरून ठेवलंय. भाचीची आजी आयुष्यभर घरीच विड्या वळत आली. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं आणि तंबाखू, बाजूला दोरा. मजुरी हजार विड्यांवर. शेजारच्या घरात यंत्रमागाची खडखड. या मुलीच्या डोळ्यांनी पाहिलं तर घर आणि कारखाना या दोन जागा कधी वेगळ्या नव्हत्याच.

हे म्हणताना खेळावर अन्याय करायचा नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या २००६ मधल्या एका जोडखेळात घरात दुकान टाकता येऊ लागलं. चौथीत २०२० साली खेळाडूंनीच मतं देऊन सुयांवरचं विणकाम आणायला लावलं, मार्च २०२५ मध्ये घरगुती धंदा आणि कुंभारकाम आलं. जोडखेळ विकत घ्यावे लागतात, हे आहेच. माग अजून नाही.

भाचीने वाट पाहिली नाही. खेळात चित्रकाराची घोडी मिळते. त्यावर चित्र रंगवून विकलं की घरबसल्या पैसे येतात. तिने ती घोडी बैठकीच्या खोलीत मधोमध उभी केली आणि जाहीर केलं, हा माग. चित्र विकलं गेलं की वहीत नोंद: एक चादर. मग तिने पाण्याचा नियम केला. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तर यांच्याकडे का यावं? ती नळ, बेसिन, न्हाणीघर विकून टाकते आणि चौथ्या दिवशी परत विकत घेते. मधल्या दिवसांत माणसं घाण वास मारत फिरतात, पाहुणे नाक मुरडतात. त्यातून एक ठरलेलं लग्न मोडलं. मोडलं म्हणजे असं, की खेळाने फक्त दोन माणसांमधली ओढ कमी केली. नवऱ्या मुलाकडची मंडळी, मानपान, निरोप घेऊन आलेली आत्या हे सगळं वहीतलं.

वहीतलं हे काम हाच या खेळाचा अर्धा भाग आहे, असं माझं मत आहे. पहिल्या आवृत्तीतच चित्रं टिपून त्याखाली मजकूर लिहायचा 'फॅमिली अल्बम' होता. लोकांनी त्यात अख्ख्या कादंबऱ्या लिहिल्या. 'लेगसी चॅलेंज' हा खेळाडूंनीच काढलेला नियमसंच आहे: मोकळा प्लॉट, रिकामा खिसा, एकच मूळ पुरुष किंवा बाई, आणि तिथून दहा पिढ्या. २००९ मध्ये रॉबिन बर्किनशॉ यांनी तिसऱ्या आवृत्तीत केव्ह आणि अ‍ॅलिस असे बेघर बाप-लेक घडवले, त्यांना घर दिलंच नाही आणि जे घडेल ते लिहीत गेले. पुढे अ‍ॅलिसने पहिल्या कमाईचा पैसा दान करायची इच्छा दाखवली. इच्छा यंत्राने काढली होती, बहुधा चिठ्ठी काढावी तशी. पण उपाशी, बाकावर झोपणाऱ्या मुलीच्या हातात ती पडल्यावर वाचणाऱ्यांच्या घशात आवंढा आला. लेखक कोण? यंत्राला दान कळत नाही, आणि बर्किनशॉ यांनीही ते ठरवलेलं नव्हतं.

मोकळी जागा मुद्दाम सोडावी लागते. खेळातली माणसं 'सिमलिश' बोलतात, ज्याला अर्थच नाही. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या शहरात याचा फायदा मी पाहिलाय. तेच भांडण भाची मराठीत ऐकते आणि तिची मैत्रीण तेलुगूत. तसंच प्रेमाचं. कुणी कुणावर प्रेम करावं याला या खेळाने पहिल्यापासून अडसर घातला नाही. उलट २०१४ मध्ये निन्टेन्डोचा 'टोमोडाची लाइफ' जगभर आला तेव्हा त्यात समलिंगी लग्नाला जागाच नव्हती. खेळाडू संतापले आणि कंपनीला माफी मागावी लागली.

आठाचा आकडा मात्र हलत नाही. प्रत्येक माणसाच्या गरजांचा हिशेब क्षणोक्षणी ठेवायचा तर यंत्रावर ताण येतो, हे मला धंद्यामुळे कळतं. २०२३ च्या 'फॉर रेंट' या जोडखेळात एका प्लॉटवर सहा बिऱ्हाडं बसवता येऊ लागली, चाळीसारखी. सहा गुणिले आठ, अठ्ठेचाळीस. बहात्तर तरीही बसत नाहीत. शिवाय चुली सहा होतात, आणि एकत्र कुटुंबाची सगळी गोष्ट तर एका चुलीभोवती घडते. कुणी किती पोळ्या लाटल्या, कुणाच्या ताटात आधी वाढलं.

मार्च २०२५ मध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीचा याच धाटणीचा 'इनझोई' आला. मोबाइलवरच्या 'बीजीएमआय' या खेळामुळे कंपनीचं नाव आपल्या पोरांना पाठ आहे. 'इनझोई'त पात्राचा स्वभाव शब्दांत लिहून द्यायचा आणि छोटं भाषा-मॉडेल त्याप्रमाणे त्याला वागवतं, त्याचे विचारही मांडतं. मित्र म्हणतात, हेच खरं स्वातंत्र्य. मला शंका आहे. पात्र आपल्या मनातलं स्वतःच बोलून दाखवू लागलं तर वहीत लिहायला काय उरणार?

सध्या मी एका छोट्या खेळासाठी विडीचं सूप तयार करतोय. हाका ठरल्या आहेत: पैसा आणि सोबत, कारण बायका घोळक्याने बसतात; आराम मात्र झपाट्याने घटेल, पाठ भरून येते. अडलंय एका रकान्यात. वस्तू कोणत्या वयाच्या माणसाने वापरायची, हे रचनाकाराला लिहावंच लागतं. विड्यांची टोकं दुमडायला घरातली पोरं बसायची, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तसं लिहिलं तर पोरांना कामाला जुंपणं हा माझ्या खेळातला एक सोयीचा पर्याय होतो, चार पैसे जास्त मिळवून देणारा. नाही लिहिलं तर ते घर खोटं पडतं. तूर्त तिथे 'फक्त मोठ्यांसाठी' असं टाकून ठेवलंय. भाचीला ते मान्य नाही; ती म्हणते, आजीला विचार, ती कितव्या वर्षी बसली होती.