अम्मीच्या डब्यातला लोबान

जुमेरातला मगरिबनंतर आमच्या घरी ऊददाणीत निखारे पडतात. अम्मीच्या वेळेपासूनचा हा रिवाज. लोबान म्हणून ती जो डिंक टाकायची, तो आठवडी बाजारातून यायचा. तो कोणत्या झाडाचा, हे आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक असून कधी विचारलं नाही.

विचारायला लावलं सहावीतल्या एका मुलानं. शाळेच्या कुंपणाला निलगिरीची रांग आहे. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची; १७९०च्या सुमारास टिपू सुलताननं ती नंदी टेकडीवरच्या बागेत लावली, हे आम्ही वर्गात सांगत होतो. तिच्या ७००वर जातींपैकी मॉरिसबी नावाची एक जात टास्मानियात हॉबर्टजवळ मोजक्याच जागी उरली आहे, हेही सांगितलं. मुलगा म्हणाला, "आणि आपल्याकडचं कोणतं झाड संपत चाललंय?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

सुटीत आम्ही संग्रामपूर तालुक्यात, अंबाबरवा अभयारण्याच्या कडेच्या एका गावी गेलो. तिथल्या एका काकांनी शेताच्या बांधावरची सालई दाखवली. कागदासारखी पापुद्रे सुटणारी साल, खोडावर कुऱ्हाडीचे खोल घाव, वरच्या फांद्या वाळलेल्या. साल वरवर तासली आणि काही वर्षांनी झाडाला विसावा दिला, तर ते तगतं. घाई केली तर मरतं. सालईचं बी फार कमी रुजतं आणि उगवलेली रोपं वणव्यात, चराईत जातात. म्हणून म्हातारं झाड गेलं की जागा रिकामीच राहते.

काकांनी डिंकाचा खडा हातावर ठेवला. वास ओळखीचा निघाला. अम्मीच्या डब्याचाच.

उर्दूत याला कुंदुर म्हणतात. ओमानमधल्या याच कुळातल्या झाडांचा प्रदेश युनेस्कोनं २००० साली जागतिक वारसा ठरवला. आमच्या सातपुड्यातल्या सालईला आम्ही मात्र नावानंही ओळखत नव्हतो.

सालई फांदीपासून लागते. जूनमध्ये काकांना विचारून त्यांच्या बांधावरच्या दुसऱ्या, धडधाकट सालईच्या मनगटाएवढ्या सहा फांद्या आणल्या आणि मुलांसोबत शाळेत लावल्या. चार वाळल्या. दोघींना पालवी फुटली. खरी परीक्षा उन्हाळ्यात.

झाड लावणं सदका आहे, हे आम्ही मुलांना नेहमी शिकवतो. झाडाला न मारता घेणंही त्यातच येतं, हे आता शिकलो. जुमेरातचा खडा लहान झाला आहे. बाजारात विकणाऱ्याला विचारतो, "भाऊ, घाव कसा घातला होता?" दर वेळी उत्तर मिळत नाही. विचारणं सोडलेलं नाही.