पहाटेची निमाणी–नाशिकरोड

पंचवटी एक्सप्रेस पंचवटीत येत नाही. १९७५ साली ही गाडी सुरू झाली, गोदाकाठच्या आमच्या वस्तीचं नाव तिला मिळालं, पण ती मनमाडहून निघते, नाशिकरोडला थांबते आणि मुंबईची वाट धरते. नाशिकरोड स्टेशन ते पंचवटी कारंजा हे अंतर नऊ-दहा किलोमीटरचं. त्यामुळे मुंबईला निघालेल्या पंचवटीकराच्या लेखी रेल्वेचं वेळापत्रक दुसऱ्या नंबरवर. पहिला प्रश्न निमाणी बस स्टँडचा. पहाटेची नाशिकरोड बस किती वाजता आहे, आणि ती खरोखर त्या वेळेला सुटते का?

हे नऊ-दहा किलोमीटर नाशिकला जुनेच आहेत. रेल्वे गावाला वळसा घालून लांबून गेली, म्हणून १८८९ साली स्टेशन ते गाव अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून अरुंद रुळांवरून चार घोडे डबे ओढत स्टेशनकडे जायचे. प्लेग आणि दुष्काळाने तिचं कंबरडं मोडलं आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. पण ती चालू होती तेव्हाही नदीच्या अलीकडेच थांबायची. पंचवटीच्या माणसाला आधी गंगा, म्हणजे गोदावरी, ओलांडायची, मग ट्राम गाठायची. माझ्या आजीच्या पिढीने टांगे पाहिले. यात्रेकरूंना स्टेशनवरून थेट रामकुंडावर आणणारे टांगेवाले आणि त्यांच्या मागेपुढे आपापले यजमान शोधणारे क्षेत्रोपाध्ये. आमच्या वाट्याला आली ती एसटीची सिटी बस.

माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. नोटांच्या छापखान्याला नाशिकमध्ये नुसतं ‘प्रेस’ म्हणतात, दुसरं काही सांगावं लागत नाही. पहिल्या पाळीला जाणारी प्रेसची माणसं, पंचवटी एक्सप्रेसचे पासवाले आणि नाशिकरोडच्या बाजारात भाजी घेऊन निघालेल्या मखमलाबाद-म्हसरूळकडच्या बायका, एवढा सगळा गोतावळा पहाटेच्या त्या एका बसमध्ये असायचा. जानेवारीत नाशिकची थंडी हाडात शिरते. निमाणीच्या आवारात शेकोटी पेटलेली असायची, ड्रायव्हर-कंडक्टर हात शेकत उभे, आणि कंट्रोल केबिनच्या खिडकीत पिवळा दिवा. त्या केबिनमध्ये वाहतूक नियंत्रक बसायचे. समोर जाड रजिस्टर, त्यात गाडी आली कधी, गेली कधी याची नोंद. आम्ही त्यांना ‘साहेब’ म्हणायचो. ‘साहेब, सातपूर लागली का?’ असं विचारलं की मान वर न करता उत्तर यायचं, ‘आत्ता डेपोतून निघाली, पाच मिनिटं.’ ते पाच मिनिटं म्हणाले तर सहाव्या मिनिटाला खिडकीशी जाऊन जाब विचारायची सोय होती, आणि लोक विचारायचे. कधी आवाज चढायचा. पण उत्तर देणारा माणूस समोर होता.

कंडक्टरचा तिकिटांचा ट्रे मला अजून स्पष्ट आठवतो. पत्र्याचा, वरून झाकणाचा, आत वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांच्या रंगीत गड्ड्या नीट खोचलेल्या, कोपऱ्यात सुटे पैसे. कानामागे पेन्सिल, उजव्या हातात पंच. गाडी चालू असताना दांड्याला पाठ टेकवून तो एका हाताने दोन तिकिटं फाडायचा आणि टॅक-टॅक भोकं पाडायचा. तिकीट मागणारा नसेल तेव्हाही मोकळा पंच वाजतच असायचा. तो आवाज दाराकडून मागे सरकत आला की ओळखायचं, आता आपला नंबर. पासवाल्यांना तो चेहऱ्याने ओळखायचा. कारंज्याच्या थांब्यावर रोजचा एखादा माणूस दिसला नाही की घंटेच्या दोरीवर हात ठेवून तो गल्लीच्या तोंडाकडे बघायचा. लांबून डबा हलवत कोणी पळत येताना दिसलं तरच डबल बेल थांबायची. आणि तेही अर्धा मिनिट. त्याहून जास्त नाही, कारण पुढे रविवार कारंजा, रेड क्रॉस, सीबीएस, शालिमार, द्वारका इथे माणसं उभी होती आणि नाशिकरोडला पंचवटी गाठायची होती.

मला या अर्ध्या मिनिटाचं फार अप्रूप वाटतं. वेळ पाळायची आणि माणूसही सोडायचा नाही, या दोन्हींचा हिशेब त्या कंडक्टरच्या डोक्यात पक्का असायचा. रात्री उलट. पंचवटी मुंबईहून परत यायची ती दहाच्या आसपास. गाडी उशिरा असली तर नाशिकरोडच्या स्टँडवर शेवटची निमाणी कधी कधी खोळंबून असायची. पूल उतरून धावत येणारा घोळका दिसेपर्यंत ड्रायव्हर इंजिन सुरू करायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला होता का, मी कधी विचारलं नाही. वडील मात्र त्या भरवशावर घरी सांगून जायचे की जेवायला थांबा.

सगळं चांगलंच होतं असं मी म्हणणार नाही. त्या काळच्या सिटी बसमध्ये उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब असायचं. कॉलेजच्या वेळेला केटीएचएमकडे जाणाऱ्या गाडीच्या फुटबोर्डावर मुलं लोंबकळत जायची आणि मुलींना दोन-दोन गाड्या सोडाव्या लागायच्या. निमाणी सोडून दुसऱ्या कुठल्या थांब्यावर उभं राहिलं तर बस मागे किती अंतरावर आहे हे कळायला काही मार्ग नव्हता. तरी घराघरांतलं घड्याळ या गाड्यांवर चालायचं. ‘आठची म्हसरूळ गेली, अजून तुझा डबा झाला नाही?’ हे वाक्य आमच्या वाड्यात आईच्या तोंडी होतं, काकूच्या तोंडी होतं. वेळापत्रकाचा कागद कुणी पाहिला नव्हता. ते पाठ होतं, कारण ते बहुतेक दिवस खरं ठरायचं.

मग हळूहळू ते खोटं ठरू लागलं. शहर सिडको, पाथर्डी, आडगाव अशा सगळ्या बाजूंनी पसरलं आणि एसटीला शहराची सेवा तोट्याची होत गेली. फेऱ्या कमी झाल्या. फेऱ्या कमी झाल्या म्हणून माणसं शेअर रिक्षाकडे गेली, माणसं गेली म्हणून आणखी फेऱ्या कमी झाल्या. निमाणीच्या बाहेर ‘सीबीएस, शालिमार, शालिमार’ अशा आरोळ्या सुरू झाल्या. रिक्षात मागे चार, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना दोन, आणि भरल्याशिवाय हलणार नाही. रिक्षाला वेळापत्रक नाही. तिची वेळ म्हणजे शेवटची सीट भरण्याची वेळ. ज्याला सात वाजता यंत्रापाशी उभं राहायचं आहे त्या अंबड-सातपूरच्या कामगाराने तिच्यावर विसंबायचं कसं? त्याने कर्ज काढून मोटारसायकल घेतली. आज कारंज्यावर दिसते ती कोंडी मला त्या हुकलेल्या बसगाड्यांची बेरीज वाटते.

एसटीने शहर सेवेतून अंग काढून घेतलं, महापालिकेने २०१८ साली ती स्वतःकडे घ्यायचं ठरवलं आणि कोरोनाचं सावट असतानाच ८ जुलै २०२१ रोजी सिटीलिंक रस्त्यावर आली. दोनशे सीएनजी आणि पन्नास डिझेल अशा अडीचशे गाड्यांची योजना. गाड्या आणि चालक ठेकेदाराचे, मार्ग, तिकीट आणि वेळापत्रक महापालिकेच्या परिवहन महामंडळाचं. ठेकेदाराला पैसे चाललेल्या किलोमीटरवर, बसमध्ये माणसं किती होती त्यावर नाही. ही पद्धत मला मनापासून पटते. चार गिऱ्हाइकांसाठीही गाडी सुटलीच पाहिजे, हे तिच्या मुळाशी आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्या महिन्यांत नाशिककरांना या नव्या गाड्यांचा केवढा आधार झाला हे विसरून चालणार नाही.

मोबाईलवर बस कुठे आहे ते दिसतं, ही गोष्टही लहान नाही. माझी भाची अंबडला नोकरीला आहे. ती घरात चहा पीत फोनवर बस सरकताना बघते आणि ती जवळ आली की चप्पल घालते. तिच्या आजीला थांब्यावर पदर डोक्यावर घेऊन उन्हात उभं राहावं लागायचं. पण भाचीला बस दिसते तेवढंच. न सुटलेली बस नकाशावर नसते. ती का सुटली नाही, तिच्यामागची सुटणार की नाही, हे विचारायला खिडकी नाही. वाहकांनी थकलेल्या पगारासाठी गेल्या काही वर्षांत अनेकदा काम बंद ठेवलं, तेव्हा सकाळी थांब्यावर आलेल्या माणसांना ही बातमी एकमेकांकडूनच कळत गेली. पगारासाठी बसलेल्या त्या मुलांवर माझा राग नाही. ज्याचा स्वतःचा महिना वेळेवर सुरू होत नाही, त्याच्याकडून वेळेवर गाडीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? माझं म्हणणं ठेक्याच्या साखळीबद्दल आहे. गाडी एकाची, वाहक दुसऱ्याचा, वेळापत्रक तिसऱ्याचं. जुन्या कंडक्टरचं ते अर्धं मिनिट या तिघांपैकी कोणाच्या अखत्यारीत येतं?

शेजारच्यांचा मुलगा मँचेस्टरला असतो. तिथे फुटबॉलचा सामना सुटला की हजारो माणसं एकदम रस्त्यावर येतात, आणि बसचं काय होणार ही त्या लोकांची कायमची काळजी. १९८६ साली ब्रिटनने लंडन वगळता बससेवा खासगी कंपन्यांना मोकळी सोडली. जिला जो मार्ग किफायतशीर वाटेल तो तिने चालवायचा. नफ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग आणि बाजूच्या वस्तीत शुकशुकाट, अशी तक्रार वर्षानुवर्षं राहिली. शेवटी मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ पासून मार्ग, भाडं आणि वेळापत्रक पुन्हा आपल्या हातात घेतलं. जानेवारी २०२५ पर्यंत तिथल्या सगळ्या गाड्या पिवळ्या रंगात एका छत्राखाली आल्या, चालवणाऱ्या कंपन्या खासगीच राहिल्या. म्हणजे सदतीस वर्षांनी तिथले लोक जिथे पोहोचले, तिथून सिटीलिंकने सुरुवातच केली. पाया बरोबर आहे म्हणून तर त्याच्यावरची ढिलाई जास्त लागते.

सामन्याची गर्दी आपल्याकडेही होते. जानेवारी २०२५ मध्ये गोल्फ क्लब मैदानावर महाराष्ट्र–बडोदा रणजी सामना झाला, ऋतुराज गायकवाड खेळणार म्हणून पोरांची झुंबड उडाली. पंचवटीतून तिथे जायला सीबीएसला उतरायचं आणि चालत सुटायचं, काही अडत नाही. आमची खरी गर्दी देवाची. कामदा एकादशीला काळारामाचा रथ निघतो, रंगपंचमीला शनी चौकातली रहाड, म्हणजे रंगाचा हौद, उघडते, आणि बारा वर्षांनी सिंहस्थ.

२७ ऑगस्ट २००३ च्या पर्वणीला रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, ३९ जीव गेले. त्या दिवसाने पंचवटी बदलली. २०१५ च्या सिंहस्थात प्रशासनाने गर्दी लांबच अडवायची असं धोरण ठेवलं. बाहेरच्या वाहनतळांपर्यंत बाहेरगावची गाडी, तिथून पुढे ठरलेल्या टप्प्यापर्यंत एसटी, मग पायी. २९ ऑगस्टची पहिली पर्वणी राखी पौर्णिमेलाच आली. ठिकठिकाणी बॅरिकेड, भाविकांना मैलोगणती पायपीट, आणि पंचवटीतल्या भावाकडे सिडकोतली बहीण येऊ शकत नाही अशी अवस्था. टीका झाली, दुसऱ्या पर्वणीला बंधनं सैल झाली आणि रामकुंडावर माणसांचा पूर आला. तिन्ही पर्वण्या सुखरूप पार पडल्या, हे श्रेय द्यायलाच हवं. पण त्या दिवसांत राज्यभरातून आणलेल्या एसट्या शिस्तीने, मिनिटामिनिटाला सुटताना मी पाहिल्या आहेत. गाडी कुठून, किती वाजता, कोण जबाबदार, हे सगळं कागदावर आणि माणसाच्या तोंडी तयार होतं. म्हणजे हे जमतं. पर्वणीला जमतं ते एरवीच्या मंगळवारी का जमू नये?

आता २०२७ ची तयारी सुरू आहे. २ ऑगस्टला पहिलं अमृतस्नान. रस्ते रुंद होतील, पूल होतील, घाट वाढतील, आराखड्यांच्या बातम्या रोज येतात. माझी मागणी त्या मानाने बारकी आहे. निमाणीवर पुन्हा एक खिडकी हवी, पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत उघडी, आणि आत एक माणूस, ज्याला गाडी का आली नाही ते माहीत आहे. थांब्याथांब्यावर ठळक अक्षरात पहिल्या आणि शेवटच्या गाडीची वेळ हवी. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशी माणसं पंचवटीत पुष्कळ आहेत. भाजीवाल्या आहेत, घाटावर बसणाऱ्या फुलवाल्या आहेत. पंचवटी एक्सप्रेसला जोडून सकाळी आणि रात्री एकेक फेरी अशी हवी, जी रद्द करायचा अधिकार ठेकेदाराकडे नसेल. आणि पर्वणीच्या दिवशी शहराच्या गाड्या भाविकांसाठी वाहनतळाकडे वळवल्या, तर म्हसरूळच्या नर्सने सिव्हिल हॉस्पिटलची रात्रपाळी गाठायची कशी आणि प्रेसच्या माणसाने सकाळी नाशिकरोड गाठायचं कसं, याचं वेळापत्रक त्याच आराखड्यात, त्याच पानावर छापलेलं असावं.