अंधार काळाकुट्ट होता तेव्हा

1949 सालचा ‘महल’ चित्रपट. त्यातल्या ‘आयेगा आनेवाला’ या गाजलेल्या गाण्यासाठी आवाज लांबून येत येत अगदी कानाशी यायला हवा होता. आज असं काही हवं असलं तर रेकॉर्डिस्ट बसल्या जागी संगणकावर एक रेघ वर-खाली करतो आणि चहा प्यायला जातो. तेव्हा माईक खोलीच्या मधोमध ठेवला आणि ऐन विशीतल्या लता मंगेशकर कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या संथ, बिनतालाच्या ओळी गात एकेक पाऊल माईककडे यायचं आणि तिथे पोचल्यावर मुखडा धरायचा. ही हकिकत लतादीदींनीच सांगितली आहे. खेमचंद प्रकाश यांच्या त्या गाण्यातलं अंतर खरं आहे, पायांनी चालून मोजलेलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. त्या काळी पडद्यामागे एकच कर्णा असे. आवाज जवळचा की लांबचा एवढंच कळायचं. डावीकडून की उजवीकडून, हे कळायची सोयच नव्हती. उजाड महालात अशोककुमार त्या आवाजाचा माग काढत फिरतो, तेव्हा थिएटरातल्या माणसाचीही तीच गत होते. आवाज जवळ येतोय, पण कुठून? आता मल्टिप्लेक्समध्ये चहूबाजूंना आणि वर छतातही स्पीकर असतात. भूत कुजबुजलं की आपण मागे वळून पाहतो, कारण ते नेमकं मागच्या डाव्या कोपऱ्यात असतं. दचकायला होतं, नाही असं नाही. पण ज्याचा पत्ता लागला ते भूत कसलं! तांत्रिक उणिवेनं जे साधलं होतं ते सोयीनं घालवलं, असं माझं ठाम मत आहे.

त्यातून ‘महल’च्या रेकॉर्डवर गायिकेचं नावच नव्हतं, पात्राचं होतं: कामिनी. रेडिओवर गाणं लागलं की लोक विचारायचे, ही कोण? पडद्यावरचं कोडं असं घराघरांत शिरलं होतं. आज गाणं यायच्या आधी त्याचा टीझर येतो आणि टीझरच्या आधी पोस्टर.

या चित्रपटाचे छायालेखक जोसेफ विर्शिंग मूळचे जर्मन, बॉम्बे टॉकीजच्या सुरुवातीच्या काळातच हिमांशू राय यांच्याकडे आलेले. सावलीतून भीती उभी करण्याचं बाळकडू त्यांना जर्मन सिनेमातूनच मिळालं असणार. त्यांच्या चौकटीत मधुबालेचा चेहरा उजळतो आणि भोवतालचं सगळं काळोखात बुडतं. खोली केवढी आहे, तिला दार किती, कळतच नाही. संकलक होते बिमल रॉय. त्यांनीच पुढे 1958 मध्ये पुनर्जन्माचा धागा उचलून ‘मधुमती’ केला.

‘मधुमती’ची मजा आपल्याकडच्या माणसाला जरा जास्तच येते. नैनिताल भागात केलेलं बरंच चित्रण धुलाईनंतर खराब निघालं. पुन्हा तिकडे जाणं परवडणारं नव्हतं. मग कलादिग्दर्शक सुधेंदू रॉय यांनी वैतरणा धरणाच्या परिसरात खोटी पाइनची झाडं उभी केली. बराच भाग तर गोरेगावच्या आरे कॉलनीतला. म्हणजे ज्या गूढ हिमालयानं आपण भारावलो, त्यातला बराचसा इगतपुरीच्या बाजूचा आणि उपनगरातला! धुकं असलं की झाड कुठलं हे कोण विचारतो? शेवटचा प्रसंग हृषीकेश मुखर्जींनी लावलाय तोही असाच, काहीही न दाखवता. ठरल्याप्रमाणे मेलेल्या मधुमतीचं सोंग घेऊन तिच्यासारखी दिसणारी माधवी आली, असं आपण धरून चालतो. ती नको ते प्रश्न विचारते, खलनायक उग्रनारायण खचतो आणि सगळं आटोपल्यावर खरी माधवी धावत येते. मग आधी आली होती ती कोण? कॅमेऱ्याची एकही करामत नाही. कुठलं दृश्य आधी लावायचं आणि कुठलं मागे ठेवायचं, एवढंच.

1964 च्या ‘वह कौन थी?’मध्ये राज खोसलांनी तर निव्वळ वायपरवर भागवलं. मुसळधार पाऊस, पांढऱ्या साडीतली बाई गाडीत बसते आणि वायपर बंद पडतात. समोर काही दिसत नाही, तरी ती रस्ता सांगत राहते. के. एच. कापडियांना त्या छायाचित्रणाबद्दल फिल्मफेअर मिळालं. काच धुरकट, बाहेर काळोख. गाडी चालवणाऱ्या डॉक्टरला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला. त्याच वर्षी मराठीत राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला आणि खोसलांनी दोन वर्षांत त्याचा ‘मेरा साया’ केला, हे जाता जाता अभिमानानं सांगायला हवं.

कृष्णधवल चित्रपटात रात्र बरेचदा भर दुपारी व्हायची. भिंगापुढे लाल काच लावली की निळं आभाळ काळं पडे. चंद्रप्रकाशातली माणसं म्हणूनच थोडी परकी वाटत. आताचे कॅमेरे मेणबत्तीच्या उजेडातसुद्धा भिंतीवरचा पोपडा टिपतात. तरीही सगळं संपलं असं म्हणवत नाही. राही अनिल बर्वेच्या ‘तुंबाड’मध्ये (2018) छायालेखक पंकज कुमारनं काळोखाला काळोखच राहू दिलं आणि पावसानं गच्च भिजलेला तो वाडा पाहून मी खुर्चीत आखडून बसलो होतो. यंत्र नवं असलं म्हणून काय झालं, हात आखडता घेणारा माणूस लागतो.

तो आखडता हात यश चोप्रांच्या बिनगाण्यांच्या ‘इत्तेफाक’मध्ये (1969) होता. बहुतेक सगळा खेळ एका घरातला आणि एका रात्रीचा. एम. ए. शेख यांना त्याच्या ध्वनीबद्दल फिल्मफेअर मिळालं, आणि का मिळालं हे डोळे मिटून ऐकलं तरी कळतं.

हे चित्रपट गावाकडे तंबूत पोचायचे तेव्हा आणखी एक संकलक कामाला लागे: प्रोजेक्टर चालवणारा. यंत्र एकच, हजार फुटी रीळ अकरा मिनिटांत संपणार. ऐन मोक्याला दिवा लागायचा. रीळ बदलेपर्यंत सतरंजीवर खुनी ठरवण्याची चढाओढ, विडीवाल्यांची पैज. आदल्या रात्री पाहून गेलेला एखादा दीडशहाणा मागून खुन्याचं नाव ओरडायचा आणि पुढचे दोघं-तिघं त्याला मारायला उठायचे.