पाच इंच

दाराची बेल वाजवली की आतून हमखास आवाज येतो, ‘‘मालिशवाल्या बाई आल्या!’’ पुण्यात घरोघर जाऊन फिजिओथेरपी देते त्याला आता बावीस वर्षं झाली, पण ही हाक काही बदलली नाही. पूर्वी राग यायचा. मी दारातच डिग्री, इंटर्नशिप असं सगळं सांगायला लागायचे. आता चपला काढते, कोमट तेलाची वाटी आदराने बाजूला सरकवते आणि पिशवीतून सुताराची टेप काढते. तेल नाही, मशिन नाही आणि बाई पलंग मोजतायत, हे पाहून घरातली माणसं जरा नाराज होतात.

ही पलंग मोजायची सवय मला एका फजितीतून लागली.

तेव्हा मी एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात होते. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आमच्याकडे यायचे. मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकलेली, त्यामुळे उजवं अंग गेलेलं आणि बोलणंही. सहा आठवडे आम्ही दोघं घाम गाळत होतो. तोल मोजायची बर्गची म्हणून एक परीक्षा असते, चौदा कृती आणि एकूण 56 गुण. काकांना 43 मिळाले. विभागात टाळ्या वाजल्या, काकूंनी पेढे वाटले आणि आम्ही त्यांना घरी पाठवलं.

महिन्याभराने त्यांच्या गल्लीत दुसऱ्या कामाला गेले होते, म्हणून डोकावले. काका दिवाणावर आडवे. मांडी हाताला जाणवेल इतकी वाळलेली. ‘‘उठतच नाहीत हो,’’ काकू म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडे कसे उठायचे?’’ बर्गच्या परीक्षेतला पहिलाच प्रश्न बसल्याजागेवरून उठण्याचा असतो आणि त्यात काकांना पैकीच्या पैकी होते. मी काकूंकडून शिवणाची टेप मागून घेतली. आमच्या विभागातली खुर्ची अठरा इंचांची. हा दिवाण गादीसकट चौदा इंचांचा, गादी कापसाची आणि जुनी, बसलं की दोन इंच आत जाणारी. म्हणजे मी काकांना अठरावर उठायला शिकवलं आणि बारावर राहायला पाठवलं. सहा आठवड्यांत एकदाही मी विचारलं नव्हतं की घरी तुम्ही कशावर झोपता.

उठणं दिसतं तितकं साधं नसतं. टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्याव्या लागतात. मग धड कमरेतून पुढे वाकतं, नाक पायाच्या बोटांच्याही पुढे जातं आणि वजन पावलांवर आलं की बूड आपोआप सुटतं. सगळी गंमत त्या पुढे वाकण्यात आहे. अर्धांगवायूच्या माणसाला नेमकी त्याचीच भीती वाटते, तोंडावर आपटू असं वाटतं, म्हणून तो मागे रेलतो. मग घरचे पुढून हात धरून ओढतात आणि जितकं ओढावं तितका तो मागे रेटतो. बैठक जितकी खाली तितकं मांड्यांना जास्त उचलावं लागतं. कमजोर पाय माघार घेतो, चांगला पाय एकट्याने सगळा भार उचलतो आणि मेंदूला कळतं की त्या पायावाचूनही भागतं. म्हणून कमजोर पाऊल दुसऱ्यापेक्षा चार बोटं मागे ठेवायचं. मग त्याला काम करावंच लागतं.

त्या ओढण्याबद्दल इथेच सांगून टाकते. खांद्याचा सांधा फार उथळ, हाडाने कमी आणि स्नायूंनी जास्त धरून ठेवलेला. स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनाने दंडाचं हाड खाली उतरतं. काकांच्या खांद्यावरून मी बोट फिरवलं तर वरच्या हाडाच्या टोकाखाली एक खळगा लागला, माझं तर्जनीचं पेर आरामात बसेल एवढा. महिनाभर काकूंनी त्यांना काखेत हात घालून उचललं होतं. काकूंची उंची पाच फूट असेल-नसेल. त्या तरी काय करणार! पण तो खांदा पुढे वर्षभर दुखला. हाताला धरून उठवू नका, कमरेला पट्टा बांधा आणि पट्ट्याला धरा, हे त्या दिवसापासून मी प्रत्येक घरात पहिल्या दहा मिनिटांत सांगते.

गल्लीच्या तोंडाशी सुताराचं दुकान होतं. त्याला म्हटलं, दिवाणाच्या चार पायांखाली ठोकळे हवेत, पण पाय सरकता कामा नयेत आणि मला ती उंची कमी-जास्त करता यायला हवी. त्याने कानावरची पेन्सिल काढली, जरा विचार केला आणि दोन दिवसांत चार चौकोनी पेट्या करून आणल्या. प्रत्येक पेटीचा तळ एक इंचाचा, आत एकेक इंचाच्या चार सागवानी चकत्या, आणि पाय बाहेर निसटू नये म्हणून वरपर्यंत आलेल्या भिंती. म्हणजे चौदाचा दिवाण एकोणीसवर. कापसाची गादी काढून घट्ट काथ्याची घातली. मग काका हात न टेकता लागोपाठ दहा वेळा उठू लागले, की प्रत्येक पेटीतली एकेक चकती काढायची. माझ्या शिक्षणात अशी मोजपट्टी कुणी दाखवली नव्हती. बर्गचे गुण काकूंना कधी समजले नाहीत, चकत्या मात्र पहिल्याच दिवशी समजल्या.

सूचना मात्र काकांना पोचेनात. वाचाघात झालेल्या माणसाला ‘पाय मागे, नाक पुढे, आता उठा’ म्हणजे तीन ओळींचा गोंधळ. मी जितकं समजावायची तितके ते कावायचे. शेवटी एके दिवशी काकूंनी स्वयंपाकघरातून भांड्यावर पळी दोनदा वाजवली. टण टण. काका ताडकन पुढे वाकले आणि उठले! ज्याने एसटीने प्रवास केलाय त्याला सांगायला नको, एक बेल म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे सुटा. उभं राहिल्यावर त्यांच्या तोंडून स्पष्ट शब्द निघाले, ‘‘चला, पुढे सरका.’’ आजारी पडल्यापासूनचं पहिलं वाक्य. अर्थाने जुळवायची भाषा गेली तरी वर्षानुवर्षं घोकलेले बोल बऱ्याचदा शाबूत राहतात, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण पळी वाजवायचं मला सुचलं नव्हतं, काकूंना सुचलं.

पुढे घरोघर जायला लागले तेव्हा कळलं, कंपवाताचं तंत्र वेगळं. तिथे ताकद बहुतेक वेळा असते, सुरुवात होत नाही. एका घरी आजी हॉलमध्ये बऱ्यापैकी चालायच्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पावलं फरशीला चिकटल्यासारखी थांबायची. सून मागून ‘‘चला ना आई’’ म्हणायची तशी त्या आणखी गोठायच्या. विचार न करता पाऊल टाकण्याची मेंदूतली वाट या आजारात बिघडते, पण डोळ्यांना काही ओलांडायला दिलं तर दुसऱ्या वाटेने काम होतं. आम्ही दारापर्यंत वीतवीतभर अंतरावर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या आणि आजी त्या ओलांडत ओट्यापर्यंत गेल्या. पाहुणे विचारायचे, मुलं लंगडी खेळतात का इथे? त्याच घरात मी आठवडाभर वाया घालवला होता तो वेळेपायी. सुनेच्या सोयीने मी चार वाजता जायची आणि आजींची गोळी असायची साडेचारला. आधीच्या गोळीचा असर संपत आलेला, अंग लाकडासारखं. साडेपाचला जायला लागले आणि बाई बदलल्यासारख्या वाटल्या. तेव्हापासून माझं वेळापत्रक रहदारीवर नाही, गोळ्यांवर ठरतं. स्कूटरवरून गावभर वळसे पडतात, पडू देत.

घरच्यांनीच सगळं शिकून घ्यावं, असं हल्ली पुष्कळ ठिकाणी ऐकते. ते खरं आहे आणि नाहीही. भारतातल्या 14 रुग्णालयांत पक्षाघाताच्या 1250 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम करवून घ्यायला शिकवलं होतं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतल्या परावलंबी रुग्णांच्या प्रमाणात फरक निघाला नाही. मी ते वाचून दोन दिवस गप्प होते. मग वाटलं, नवल काय? बायको ही बायकोच असते. नवऱ्याला बटण लावायला दहा मिनिटं लागताना बघत बसणं तिला जमत नाही, ती पुढे होऊन लावून टाकते. ते बघत बसणं हा माझा धंदा आहे आणि त्यालाही मला पाच-सात वर्षं लागली. घरच्यांकडून मी फार काही मागत नाही. पायपुसणी उचला, पलंग वर घ्या, गोळीची वेळ पाळा आणि कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. व्यायामाचं माझ्यावर सोडा. काकूंसारखं कुणाला काही सुचलं तर आनंदच.

कंडक्टर काकांच्या चारही चकत्या सात महिन्यांत निघाल्या. मोकळ्या पेट्या आणखी दीड महिना राहिल्या, शेवटी त्याही काढल्या आणि ते चौदा इंचांवरून उठले. उजवा हात मात्र परत आला नाही. जेवतात डाव्याने. काकूंनी पेट्या धुऊनपुसून माझ्या हवाली केल्या, ‘‘दुसऱ्या कुणाला लागतील.’’ तेव्हापासून त्या अकरा घरं फिरल्या आहेत. एका चकतीला कुठेतरी वाळवी लागली, ती बदलली.

सध्या त्या कोथरूडला एका शिक्षिकाबाईंच्या पलंगाखाली आहेत. तीन चकत्या उरल्यात. मंगळवारी एक काढायची आहे.