गडहिंग्लजची मिरची झोंबते ती का?

मैत्रिणींनो, वर्षाचा मसाला करायच्या दिवसांत कोल्हापूरकडे जाणं झालंच, तर गडहिंग्लजची वाट जरूर धरा. निपाणीवरून संकेश्वरला आलात की हमरस्ता सोडायचा; मग हिरण्यकेशीकाठचं हे तालुक्याचं गाव फार लांब नाही. इथल्या मिरचीच्या सौद्यांत लांब, बारीक संकेश्वरी जवारी मिरचीला मोठा मान. पण पदर नाकाला लावूनच आत शिरा बरं का! ढिगाजवळ गेलं की शिंक ठरलेली.

ही मिरची मूळची आपली नव्हे. अमेरिकेतलं हे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलं. आणि तिखटपणा आला तो आपल्या रश्श्यासाठी नव्हे, तर तिच्या स्वतःच्या रक्षणासाठी.

एक मिरची उभी चिरून पाहा. बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात, तिच्यातल्या पेशी कॅप्सेसिन नावाचं द्रव्य तयार करतात. बियांना ते नुसतं माखलेलं असतं. म्हणजे बिया झटकून तिखट कमी होत नाही, शीरच काढायला हवी.

आपल्या तोंडातल्या मज्जापेशींवर उष्णता ओळखणारी प्रथिनं असतात. कॅप्सेसिन नेमकं त्यांनाच चेतवतं, म्हणून न भाजताच भाजल्यासारखं होतं. हे उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पक्ष्यांना मात्र मिरची झोंबत नाही. उंदीर बिया चावून संपवतो. पक्षी त्या गिळतो आणि दूरवर टाकतो. पाहिलंत, कुणाला हाकलायचं नि कुणाला बोलवायचं, ते कसं ठरलंय!

बोलिव्हियातल्या रानमिरच्यांत तर आणखी गंमत आढळली. जिथे किडे फळाला भोकं पाडतात आणि त्यातून बुरशी शिरते, तिथे तिखट झाडं जास्त. कोरड्या जागी तिखट झाडांना बिया कमी धरतात, म्हणून तिथे सौम्य झाडंही टिकून आहेत. संसारासारखंच, झेपेल तेवढाच खर्च!

आता घरचं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. मसाला केल्यावर हातांची आग होत असेल, तर आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा. मुलाला तिखट लागलं, तर पाण्याऐवजी दूध किंवा दही द्या. आणि तोवर डोळ्यांना हात लावू नका!