ग्लोमाकाठचे आजोबा

नॉर्वे म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते कड्यांच्या पोटात शिरलेले समुद्राचे फाटे. एल्व्हेरुमला त्यातलं काहीच नाही. ऑस्लोच्या उत्तरेला, देशाच्या आतल्या अंगाला वसलेलं हे गाव. बुटक्या टेकड्या आणि त्यांच्यावर संपता संपत नाही असं स्प्रूस-पाइनचं जंगल. नगरपालिकेची हद्द १२०० चौरस किलोमीटरहून मोठी आणि माणसं जेमतेम २१ हजार. मधून ग्लोमा वाहते. नॉर्वेतली ही सगळ्यात लांब नदी, सहाशे किलोमीटरहून जास्त. दिसायला शांत, रुंद, तपकिरी पाण्याची.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी तिथे काही वर्षं राहिले. शेजारी एक आजोबा एकटेच राहायचे. त्या देशात सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, मीही मारायची. पण मनात ते माझे आजोबाच होते. त्यांचं सगळं तारुण्य नदीत गेलं होतं. ओंडके वाहून नेणाऱ्या टोळीत ते होते.

हे काम कसं चालायचं ते मला त्यांच्याकडूनच कळलं. हिवाळ्यात झाडं तोडायची आणि घोड्यांना जुंपून बर्फावरून ओढ्यांच्या, उपनद्यांच्या काठी आणून रचायची. प्रत्येक ओंडक्यावर ज्याने तो विकत घेतला त्याची खूण कोरलेली. मे महिन्यात बर्फ वितळलं, पाणी चढलं की ओंडके आत ढकलायचे. मग ते ग्लोमात येणार आणि दक्षिणेकडे निघणार. काठाने माणसं चालणार, प्रत्येकाच्या हातात लोखंडी आकडी बसवलेली लांब काठी. खडकाला अडकलेला ओंडका सोडवायचा, वळणावर थबकलेला ढकलायचा. खाली फेटसुंडला साखळ्यांनी बांधलेल्या लाकडी अडसरांमध्ये ते सगळे अडवायचे, खुणा वाचून वेगळे करायचे आणि ज्याच्या त्याच्या गिरणीकडे सोडायचे. काहींच्या फळ्या, काहींचा कागद. कित्येक पिढ्या हे चाललं. आधी रेल्वे आली, मग ट्रक आले, आणि १९८५ साली ग्लोमातली ही वाहतूक कायमची थांबली. आजोबा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. उरलेली वर्षं त्यांनी लाकडाच्या वखारीत काढली, पण त्या वर्षांबद्दल ते कधी बोलले नाहीत.

खुणा मात्र त्यांना सगळ्या पाठ होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेणकापड अंथरलेलं असायचं. बोलता बोलता ते बोट कॉफीत बुडवायचे आणि त्याच्यावर रेघा ओढायचे. एक उभी, दोन तिरप्या, मध्ये फुली. ही अमक्या गिरणीची, ही तमक्या व्यापाऱ्याची. मी बघेपर्यंत कॉफी सुकायला लागायची, मग ते हाताच्या पंजाने सगळं पुसून पुढची काढायचे. त्यांची बोटं सांध्यांशी वाकलेली होती, थंड पाण्याने. पण रेघ सरळ यायची.

ओंडक्यांचा गुंता झाला की काय करायचं, हे त्यांनी मला नदीकाठी उभं राहून सांगितलं होतं. शेकडो ओंडके एकमेकांवर चढतात, नदी अडते, मागे पाणी तुंबतं. अशा वेळी सगळे उपसत बसायचं नसतं. गुंता धरून ठेवणारे एक-दोनच असतात, ते हुडकायचे. डोळ्यांनी नेहमी दिसत नाहीत, म्हणून लाकूड कुठे कुरकुरतंय ते ऐकायचं. आणि तो सुटला की धावायचं, कारण मग सगळी नदीच अंगावर येते. हे सांगताना त्यांचे गुडघे आपोआप किंचित वाकले, पाय फाकले, नजर पाण्यावर गेली. काठावरच्या कोरड्या गवतात उभा असलेला तो म्हातारा माणूस त्या क्षणी ओल्या, फिरत्या लाकडावर तोल सांभाळत होता.

गावात नदीकाठालाच जंगलाचं संग्रहालय आहे, १९५४ साली स्थापन झालेलं. अवजारं, होड्या, तोडणाऱ्यांच्या झोपड्या, सगळं जिव्हाळ्याने जपलेलं. तिथून पुलांनी बेटावर जाता येतं आणि पलीकडच्या काठाला उतरलं की दुसरं संग्रहालय, खोऱ्यातून उचलून आणलेल्या जुन्या घरांचं. आजोबांना दोन्ही आवडायची. एकदा काचेपलीकडच्या आकड्यांसमोर ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “एवढ्या कोरड्या आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या.”

एल्व्हेरुमचं नाव नॉर्वेच्या इतिहासात मात्र वेगळ्याच कारणाने आहे. ९ एप्रिल १९४० ला जर्मन सैन्य देशात घुसलं, राजा, सरकार आणि संसद ऑस्लो सोडून निघाले आणि त्या रात्री इथल्या एका शाळेत संसदेने सरकारला पुढचे सगळे अधिकार देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत जर्मन राजदूत राजा हाकोनला भेटला. जर्मनांच्या बाजूच्या क्विसलिंगला पंतप्रधान नेमा, ही मागणी. राजाने ती मान्य केली नाही. ११ एप्रिलला विमानं आली आणि गावाचा लाकडी मध्यभाग जाळून गेली. त्या नकाराचं स्मारक आहे, त्यावर चित्रपटही निघाला. गाव नंतर पुन्हा बांधलं. स्वीडनने पाठवलेल्या लाकडी घरांची एक वस्तीही तेव्हाच उभी राहिली. आज मध्यवस्तीतून चालताना जुनं घर जवळजवळ दिसत नाही, आणि ते का दिसत नाही हे नव्याने आलेल्या माणसाला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

आजोबा तेव्हा सात वर्षांचे. एका फेब्रुवारीत, बाहेर उणे पंचवीस असताना, त्यांनी मला ते सांगितलं. विमानं आली त्या दिवशी सकाळी आईने मुलांना ढकलगाडीवर बसवून जंगलातल्या नातलगांच्या शेतावर नेलं. पावाचं पीठ मळून चुलीशेजारी फुगायला ठेवलेलं होतं. संध्याकाळपर्यंत परत येऊ असं तिला वाटलं. काही दिवसांनी आले तेव्हा घराच्या जागी विटांचं धुराडं तेवढं उभं होतं. आई त्या राखेत उतरली आणि परात शोधायला लागली. सापडली, वाकडी झालेली. ती पुढे त्यांच्या घरात कित्येक वर्षं वापरात होती.

आम्ही पुण्याला परतलो. आजोबा गेल्या मार्चमध्ये गेले, नव्वदी ओलांडून, झोपेत. सगळे म्हणतात चांगलं मरण आलं, आणि आलंही. तरी मला ते सोसवत नाही. काठ्या संग्रहालयात आहेत, खुणांच्या वह्याही कुठे कुठे असतील. पण लाकडाची कुरकुर ऐकून गुंत्याची जागा सांगणारा कान गेला. तो परत कुणाला येणार नाही, कारण आता नदीत ओंडकेच नाहीत. एखादी नदी इतकी ओळखायला माणसाचं अख्खं आयुष्य लागतं आणि ते जाताना कुणाला देता येत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

त्यांच्या मुलीने मला एक विनंती केली. बाबा तुझ्याशी जे बोलले ते लिहून पाठवशील का? घरात ते फार बोलायचे नाहीत. मला कारण समजतं. माझी नॉर्वेजियन भाषा कच्ची होती, प्रत्येक गोष्ट मला विचारावी लागायची. घरच्यांना सगळं माहीतच असेल असं त्यांनी धरलं होतं. मी महिनाभर बसून लिहिलं. खुणा आठवल्या तेवढ्या काढल्या. परातीची गोष्ट लिहिली.

ती वाचून तिचा फोन आला. परात तिला आठवत होती, लहानपणी तिच्या आजीकडे बघितलेली. ती वाकडी का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग तिने एवढंच विचारलं, घर नेमकं कुठे होतं? बाबांनी तुला जागा दाखवली होती का?

दाखवली होती. चपलांच्या दुकानाच्या मागे, जिथे आता गाड्या लावतात, भिंतीकडच्या बाजूला.