कोळशाची धूळ

दगडी कोळशाचा खडा हातात धरला तर थंड, जड लागतो. शेगडीत त्याला पेटवताना फुंकर घालून घालून डोळ्यांत पाणी येतं. त्याच कोळशाची धूळ मात्र हवेत उडालेली असताना ठिणगी मिळाली की क्षणात पेट घेते, आणि तिची ज्वाळा पुढची धूळ उडवत, तीच गिळत धावत सुटते. म्हणून भूमिगत खाणींत, आपल्याकडेसुद्धा, दगडाची पांढरी भुकटी पसरतात. तिच्यात मिसळलेली धूळ सहजी पेटत नाही. हे शहाणपण बऱ्याच अंशी उत्तर फ्रान्समधल्या कूरिएरच्या खाणींतल्या स्फोटानंतरचं. तिथे १० मार्च १९०६ च्या सकाळी ती ज्वाळा मैलोन् मैल बोगद्यांतून धावली आणि १,०९९ माणसं गेली. त्यांत ओठांवर मिसरूडही न फुटलेली पोरं होती.

ठिणगी कुठून पडली, याचा निर्णय कधीच लागला नाही. पण तीन नंबरच्या खाणीत आधीचे काही दिवस आग धुमसत होती आणि ती भिंती घालून कोंडण्याचं काम चालू होतं. आग विझेपर्यंत कुणालाही खाली उतरवू नका, असं कामगारांचे प्रतिनिधी पिएर सिमाँ यांनी सांगितलं होतं. सकाळची पाळी नेहमीसारखी उतरली.

फ्रान्स-जर्मनीचं तेव्हा जमत नव्हतं, तरी वेस्टफालियातले खाणकामगार श्वसनयंत्रं घेऊन मदतीला धावून आले. मला ते फार मोठं वाटतं. शोध मात्र लवकरच आखडता घेतला गेला. बर्फ पडत असताना सामुदायिक दफन झालं.

आणि ३० मार्चला तेरा माणसं वर आली! वीस दिवस अंधारात भटकत, घोड्यांसाठी ठेवलेले ओट आणि घोड्याचं कच्चं मांस खाऊन ती जगली होती. ४ एप्रिलला आणखी एकजण आला. त्यांच्या घरांत काय आनंद उसळला असेल! पण माझं मन शेजारच्या घरांपाशी घोटाळतं. नवरा गेला म्हणून मनाची कशीबशी समजूत घातलेल्या बाईला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं असेल, म्हणजे तोही काही दिवस जिवंत होता का? कुणी येईल म्हणून कान देऊन बसला होता का? तेरा जणांच्या जगण्याने बाकीच्यांचं मरण असं पुन्हा उकरलं गेलं, आणि दुःखाला तोवर असलेला दैवाचा आधारही सुटला.

खाणकामगारांचा संप तर आधीच पेटला होता. गृहमंत्री क्लेमांसोंनी खाणींच्या गावांत सैन्य पाठवलं. सिमाँ यांनी मागितलं होतं ते एवढंच, की आग विझेपर्यंत पाळी थांबवा.